प्लॉट : एका शब्दाची चतुःसीमा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो ते आयुष्यभर भाषा शिकवीत राहिले, आणि कोणताही शब्द शिकविताना तो कोठून आला, कोणाच्या हातून आला आणि येथे आल्यावर त्याचे काय झाले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ते पुढे जात नसत. त्यांच्या स्मृतीला साजेल असे काही करावयाचे तर त्यांचेच प्रश्न घेऊन एखाद्या शब्दाची चौकशी मांडावी, असे मनात आले. शब्द मी इंग्रजी निवडला आहे, आणि तोही असा की, नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो ऐकल्यावाचून किंवा उच्चारल्यावाचून आठवडा काढणे कठीण. पत्ता सांगताना तो लागतो, करार करताना लागतो, दोन भावांच्या वाटणीत लागतो आणि लग्नाच्या बोलणीतही लागतो. तो शब्द म्हणजे ‘प्लॉट’.

आपल्यापैकी काहींना वाटेल, प्लॉटमध्ये सांगण्यासारखे काय आहे? प्लॉट म्हणजे जागा. आपल्या शहरात त्याचा अर्थ एवढाच आहे, हे खरे. पण तो एवढाच का उरला? इंग्रजीत चार अंगांनी वाढलेला हा शब्द आपल्याकडे येताना एकच अंग घेऊन का आला? आणि त्या एका अंगाने आल्यावर त्याने आपल्या भाषेतील कोणकोणत्या शब्दांची जागा घेतली? या शेवटच्या प्रश्नापाशी मला आपणांस न्यावयाचे आहे. पण तेथवर जाण्यासाठी आरंभ शब्दाच्या जन्मापासून करावा लागेल.

प्लॉट हा शब्द इंग्रजीत फार जुना. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो जमिनीचा लहानसा तुकडा एवढ्याच अर्थाने आढळतो, आणि त्याच्याही मागे जाऊ पाहणाऱ्या कोशकारांची वाट तेथेच खुंटते, कारण इंग्रजीच्या भगिनी भाषांत त्याचे खात्रीचे गोत्र सापडत नाही. शेतकऱ्याच्या तोंडचा तो एक गरीब शब्द होता. सोळाव्या शतकात मात्र त्याचे दिवस पालटले. इंग्लंडात जमिनीची मोजणी आणि नकाशे काढण्याची विद्या भरभराटीस आली, तसा जमिनीचा तुकडा कागदावर उतरला आणि त्या कागदालाही प्लॉट म्हणू लागले. कागदावरचा आराखडा इमारतीचा असतो तसा नाटकाचाही असू शकतो. म्हणून नाटकातील घटनांच्या रचनेला तो शब्द मिळाला. आराखडा उघडपणे करतात तसा चोरूनही करतात. म्हणून गुप्त मसलतीलाही तोच मिळाला. या शेवटच्या अर्थाला फ्रेंचांच्या ‘कोंप्लो’ या शब्दाचे साह्य झाले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पुढे १६०५ सालच्या ५ नोव्हेंबरला लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीखाली बंदुकीच्या दारूची पिंपे घेऊन बसलेला गाय फॉक्स पकडला गेला, त्या प्रकरणाला ‘गनपावडर प्लॉट’ हे नाव पडले, आणि कट हा अर्थ इंग्रजांच्या मनात कायमचा ठसला.

जमीन, नकाशा, कथानक आणि कट असे हे चार अर्थ. गणितज्ञ कागदावर बिंदू मांडून वक्ररेषा काढतो किंवा न्हावा-शेव्याच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा अधिकारी सागरी नकाशावर आपले स्थान टिपतो, त्या कृतीसही इंग्रजीत हेच क्रियापद आहे; पण तो नकाशाचाच विस्तार, त्यावर अधिक वेळ घालवीत नाही. ध्यानात धरावयाचे ते एवढेच, की या सगळ्या पसाऱ्याचे मूळ पायाखालच्या मातीत आहे.

आता यांपैकी कथानक आणि कट हे अर्थ मराठी माणसाने सामान्यतः उसने घेतले नाहीत. चित्रपटाचा प्लॉट असे अलीकडे कोणी म्हणतो, पण ती हौस झाली. गरज का पडली नाही, हे पाहण्यासारखे आहे, आणि ते पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या परिसरातील दोन नाट्यगृहांची नावे पुरेशी आहेत. वाशीचे नाट्यगृह विष्णुदास भाव्यांच्या नावाचे आहे, आणि पनवेलचे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडक्यांच्या. एक नाव कथानकाकडे नेते, दुसरे कटाकडे.

भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांच्यापाशी इंग्रजी नाट्यशास्त्राची पुंजी नव्हती; पण मागे भरतमुनींपासून चालत आलेली एक परंपरा होती, आणि तिच्यात या कल्पनेसाठी एक सोडून अनेक शब्द तयार होते. भरतांनी इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले आहे. ग्रीक लोकांच्या ॲरिस्टॉटलने त्याच गोष्टीला शोकांतिकेचा आत्मा म्हटले. एकाने शरीर म्हणावे आणि दुसऱ्याने आत्मा म्हणावे, या एका भेदात दोन संस्कृतींच्या नाट्यदृष्टीतील अंतर सामावले आहे. आपल्याकडे आत्म्याचे स्थान रसासाठी राखून ठेवलेले होते. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त वस्तू, नेता आणि रस अशी त्रयी सांगितली. वस्तू म्हणजे कथावस्तू. आता या वस्तूच्या शेजारी वास्तू हा शब्द ठेवून पाहा. घर ज्या जागेवर उभे राहते ती वास्तू. दोन्ही शब्दांचा संबंध ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूशी जोडला जातो. म्हणजे इंग्रजीत जमिनीचा तुकडा आणि नाटकाची रचना एका शब्दात भेटतात, तशाच त्या संस्कृतात एका धातूच्या अंगणात भेटतात! आणि एवढेच नव्हे, तर त्या कथावस्तूच्या अर्थप्रकृतींचा आरंभ ‘बीजा’ने होतो आणि अवस्थांचा शेवट ‘फलागमा’ने. पेरणीपासून काढणीपर्यंतचा शेतकऱ्याचा हंगाम आपल्या नाट्यशास्त्रकारांनी नाटकात उतरविला. अशा भाषेला कथानकासाठी परक्याच्या दाराशी जाण्याचे प्रयोजन ते काय? उलट, इंग्रजी विद्या शिकलेल्या आमच्या समीक्षकांनीही ‘संविधानक’ हा शब्द चालविला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्याने दिली आणि एकामागून एक घडणे ही नुसती गोष्ट, परंतु एकामुळे दुसरे घडणे हा प्लॉट, असा भेद केला. तो आमच्या प्राध्यापकांनी वर्गात मराठीतून शिकविला तेव्हा गोष्ट आणि संविधानक हे शब्द त्यांना सहज पुरले. कार्यकारणाचा हा भेद मी पुढे वापरणार आहे, तो कृपया स्मरणात असू द्यावा.

कटाचेही तसेच. पनवेलजवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरीस होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी रामोशांना हाताशी धरून इंग्रज सरकारविरुद्ध शस्त्र उचलले, १८७९ साली ते पकडले गेले, पुण्यास खटला चालला, सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि जन्मठेपेची शिक्षा भोगीत असता १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारच्या दृष्टीने ज्याला कट म्हणावयाचे त्याला मराठी लोकांनी ‘बंड’ म्हटले. कट शिजतो, मसलत होते, कारस्थान रचले जाते, बंड उभारले जाते. या प्रत्येकात नीतीची छटा वेगळी. मसलत राजाने करावी, कारस्थान दरबाऱ्याने करावे, बंड मात्र अन्याय झालेल्याने करावे. इंग्रजीच्या एका शब्दात हे सगळे कोंबले असते तर शिरढोणच्या त्या पुरुषाला आपण आज ज्या नावाने ओळखतो ते नाव आपल्याला देता आले नसते.

म्हणजे कथेसाठी आणि कटासाठी आपण स्वयंपूर्ण होतो. मग जमिनीसाठी नव्हतो काय? शेकडो वर्षे जमीन कसणाऱ्या, जमिनीसाठी भांडणाऱ्या, जमिनीच्या सनदा आणि महजर जपून ठेवणाऱ्या लोकांपाशी जमिनीच्या तुकड्याला शब्द नव्हता, असे कोण म्हणेल? तरीही आला तो नेमका हाच अर्थ! का?

श्रोतेहो, येथे दुसरा प्रश्न लागू होतो : कोणाच्या हातून आला? १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली सिडको, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या नगरासाठी मुक्रर झाली, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांच्या आधारे खाजगी जमिनी ताब्यात घेण्याचे काम सुरू झाले. नकाशा आधी आला. त्या नकाशावर नोड होते, नोडमध्ये सेक्टर होते, आणि सेक्टरच्या पोटात प्लॉट होते. इंग्लंडात जमिनीवरून कागदावर जाण्यास या शब्दाला पाच-सहा शतके लागली; आपल्याकडे तो कागदावरून जमिनीवर उतरला. हा क्रमाचा उलटेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आलेला प्लॉट शेतकऱ्याच्या तोंडचा नव्हता, आराखडा करणाऱ्याच्या हातचा होता.

लोकांनी मात्र त्याला पाहता पाहता मराठी करून टाकले. त्याला पुल्लिंग दिले. प्लॉट पडतो, प्लॉट लागतो, प्लॉट सुटतो, प्लॉट निघतो. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडतात. रस्त्यांवरच्या फलकांवर ‘प्लॉटिंग’ हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ जमीन तुकड्यातुकड्याने विकणे असा प्रत्येक पनवेलकराला कळतो, आणि नुकत्याच आलेल्या इंग्रज माणसाला मात्र तेथे काही कारस्थान चालले आहे असे वाटण्याचा संभव आहे. क्रियापदे मराठी, प्रत्यय मराठी, व्यवहार मराठी. शब्द आपला झाला म्हणावयाचा तो असाच.

पण तो आपला झाला त्याला किंमत मोजावी लागली, आणि ती रक्ताने मोजली गेली. जमिनीच्या मोबदल्यावरून झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील या लढ्याचे नेते होते. त्यातून तत्त्व निघाले ते असे, की ज्याची जमीन गेली त्याला पैसे देऊन मोकळे होता येणार नाही, विकसित जमिनीतील भाग त्याला मिळाला पाहिजे. तो भाग साडेबारा टक्के ठरला. १९९० साली त्याचा शासननिर्णय निघाला आणि १९९४ साली योजनेला सुधारित रूप मिळाले. फॉर्स्टरचा भेद आता लावून पाहा. जमीन गेली आणि प्लॉट मिळाला, ही झाली गोष्ट. जमीन गेली, माणसे रस्त्यावर उतरली, पाच जण पडले, म्हणून प्लॉट मिळाला, हे झाले संविधानक. सेक्टरचा आणि प्लॉटचा क्रमांक घोकणाऱ्या आजच्या मुलाला आपण गोष्ट सांगतो, संविधानक सांगत नाही, याची मला खंत वाटते.

या साडेबारा टक्क्यांचा हिशेबही एकदा नीट मांडला पाहिजे. सार्वजनिक सोयींसाठी त्यांतून ३० टक्के वजा होतात, तेव्हा प्रत्यक्ष हाती येतात ते पावणेनऊ टक्के. एका एकराचे ४० गुंठे; त्याचे पावणेनऊ टक्के म्हणजे साडेतीन गुंठे. आणि ते साडेतीन गुंठेही मालकीचे नव्हेत, भाडेपट्ट्याचे; पट्टा ६० वर्षांचा ठरला. ज्याच्या सातबाराच्या उताऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कब्जेदार म्हणून नाव होते तो पट्टेदार झाला. त्या साडेतीन गुंठ्यांवर इमारती उठल्या, त्यांतून पैसा आला, अनेक घरांचे भले झाले आणि अनेक घरांत तो पैसा टिकला नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्क्यांचा हिशेब मिळाला, कारण आधीच्या पिढीने साडेबाराचा पायंडा पाडून ठेवला होता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले त्या दिवशी मला जासईची आठवण झाली, आणि ती प्रत्येक नवी मुंबईकराला व्हावी असे वाटले.

सरकारी कागदांत प्लॉटला ‘भूखंड’ म्हणतात. हा शब्द घटकाभर हाती घेऊ, कारण त्याच्या उत्तरपदातील ‘खंड’ हा इंग्रजी प्लॉटच्या तोडीस तोड बहुअर्थी आहे. आशिया हा खंड आहे. ज्ञानकोशाचे खंड असतात. पावसात खंड पडतो. कुळाने जमीनमालकाला पिकातून द्यावयाचा तो खंड, आणि अशी जमीन कसणारा तो खंडकरी. सरदार वसूल करतो ती खंडणी, पंडित करतो ते खंडन, आणि समुद्राचा बांध फुटून भगदाड पडते ती खांड. तोडणे या एका क्रियेतून तुकडा, विराम, वाटा आणि विध्वंस असे सगळे अर्थ निघाले. भूगोलाच्या पुस्तकात भूखंड म्हणजे पृथ्वीवरचे महाकाय भूभाग, जे कोट्यवधी वर्षे सरकत आले आहेत. आणि सिडकोच्या पत्रात भूखंड म्हणजे चारचौघांच्या कुटुंबाचा निवारा उभा राहील एवढी जागा. एकाच शब्दाने इतके अंतर तोडावे, ही मराठीची ताकद आहे. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातले शेतकरी ‘खंड’ हा शब्द ज्या धास्तीने उच्चारीत तीही विसरता येत नाही. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी न कसता संप चालविला, तो या खंडापायीच.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी आलो आहे. प्लॉट आला तेव्हा त्याने कोणाची जागा घेतली?

ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाड्यांकाठी आगरी, कोळी, कराडी आणि इतर समाज जी जमीन कसत, तिला प्लॉटसारखे एकच सर्वसाधारण नाव नव्हते. जमिनीच्या जातीप्रमाणे तिचे नाव बदले. भरतीचे पाणी शिरे ते खाजण. बांध घालून समुद्रापासून सोडविलेली ती खार. जेथे मीठ पिके ते आगर, आणि त्या आगरावरून आगरी हे नाव आले असे सांगतात. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी होई ती वरकस. भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा तो राब. जेथे घरे वसली ते गावठाण. हे शब्द म्हणजे नुसती नावे नव्हेत. प्रत्येकात त्या जमिनीचे काय करावे, केव्हा करावे आणि कोणी करावे, याची आज्ञा आहे. खारीत नांगर घालीत नाहीत, कारण खालचे मीठ वर येते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत थांबावयाचे आणि मग मोड आलेले बी फोकून द्यावयाचे, याला रहू म्हणतात. काळा राता, भुरा राता हे खारे पाणी सोसणारे भात या भागाचे. पनवेलला खारजमिनीचे संशोधन केंद्र झाले ते याच कारणाने. बांधाला उघाडी ठेवावयाची, ओहोटीला पाणी सोडावयाचे आणि भरतीला अडवावयाचे. जिताडा ज्या पाण्यात वाढतो ते पाणी याच व्यवस्थेतले. बांधाला खांड पडली की ती रात्र असो की दिवस, सारी गावकी टोपल्या घेऊन धावे; कारण एकाच्या शेतात शिरलेले खारे पाणी दुसऱ्याच्या बांधावर थांबत नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या बंदिस्तीची आणि ती राखणाऱ्या शिलोत्रीदारांची व्यवस्था नमूद आहे. गोमंतकातही हेच शास्त्र आहे. तेथे खाजन म्हणतात, उघाडीला मानस म्हणतात, खाऱ्या भाताला कोरगुट म्हणतात, आणि बांध राखण्याचे काम गावकारीकडे असे.

सांगा बरे, या सगळ्याला प्लॉट म्हटल्यावर काय उरते? क्षेत्रफळ उरते. जमीन किती, एवढे उरते. जमीन कशी, हे जाते. पाणी कोणत्या वाटेने येते आणि कोणत्या वाटेने गेले पाहिजे, हे खार या शब्दाला ठाऊक आहे, प्लॉटला ठाऊक नाही. खारघर, खारकोपर या नावांत ती खार अजून दिसते. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला म्हणजे आपल्या काही वस्त्यांत जे पाणी तुंबते, ते जुन्या शब्दांचे स्मरण ठेवणाऱ्याला मुळीच अनपेक्षित नसते.

दुसरी एक गोष्ट गेली, ती चतुःसीमा. जुन्या खरेदीखतात जमिनीचे वर्णन तिच्या शेजाऱ्यांवरून होई : पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओहोळ, पश्चिमेस देवस्थानची जमीन, उत्तरेस गाडीवाट. जमीन म्हणजे एक नाते असे. चार दिशांना चार साक्षीदार असत. आजच्या करारातही चतुःसीमा असते, पण तिच्यात लिहिलेले असते ते शेजारच्या प्लॉटचे क्रमांक आणि इतक्या मीटर रुंदीचा रस्ता. शेजारी कोण, हे कागदाला सांगता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे शेतांची नावे. सर्व्हे नंबर एकोणिसाव्या शतकात आले. त्याआधी आणि त्यानंतरही प्रत्येक शेताला घरातले एक नाव असे. कुठले आंब्याखालचे, कुठले देवळामागचे, कुठले उघाडीकडचे, कुठले एखाद्या आजीच्या माहेरहून आलेले म्हणून तिच्या नावाचे. ही नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. फेरफारात नाहीत, आकारबंदात नाहीत, सिडकोच्या नकाशात नाहीत. ती फक्त माणसांच्या तोंडी आहेत.

माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी असा घेऊ नये, की इंग्रजी शब्द नको. ‘जमीन’ हाच शब्द मुळात फारशी. मालकी, कब्जा, रकबा, हद्द, सनद, दस्तऐवज हे सारे बाहेरून आले आणि त्यांच्यावाचून आपला एक करार लिहिता येणार नाही. पण जमीन आली म्हणून शेत गेले नाही, हद्द आली म्हणून शीव गेली नाही. नवे जुन्याच्या शेजारी बसले. प्लॉटने मात्र जुन्याला उठवून आपण बसण्याचे केले. त्याचा दोष शब्दाला देता येत नाही. ज्या जमिनी प्लॉट झाल्या त्यांवर शेती उरली नाही, तेव्हा शेतीचे शब्द बेघर झाले, एवढेच. गावठाण तेवढे टिकले, कारण तेथे माणसे टिकली. आणि त्या गावठाणाच्या कडेने उठलेल्या घरांसाठी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग इथल्या लोकांनीच घडविला, जो आता शासनालाही वापरावा लागतो. भाषा घडविण्याची शक्ती येथे आहे. जतन करण्याची तेवढी हवी.

म्हणून, श्रोतेहो, शेवटी एक विनंती करतो. १९७० साली जो तरुण वीस वर्षांचा होता, ज्याने खारीत रहू फोकला आणि रात्री खांड बुजविण्यास जो धावला, तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. ९५ गावांतील अशा स्त्रीपुरुषांकडे आपल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वही घेऊन जावे. गावाचा जुना मोजणीनकाशा समोर पसरावा, एकेका सर्व्हे नंबरावर बोट ठेवावे आणि विचारावे : याला घरात काय म्हणत होता? जमीन कोणत्या जातीची होती? पाणी कोठून येई? शेजारी कोण होते? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच उच्चारांत उतरून घ्यावे, आणि त्याखाली आजचा सेक्टर व प्लॉट क्रमांक लिहावा. स्त्रियांना अवश्य विचारावे, कारण लावणी-काढणीची नावे त्यांनाच अधिक माहीत आहेत. या कामाला फार पैसा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. उशीर मात्र चालणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी या रविवारीच आरंभ करावा.